साहेबांची प्रकृती उत्तम आहे

सरकार पडलं त्याच आठवड्यात न्यायमूर्तींच्या पोटात गाठ सापडली. हेच उलट्या क्रमाने झालं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

तसं पक्षाच्या सरचिटणीसांनी आदल्या वर्षीच सुचवून पाहिलं होतं. हातात फुलांचा गुच्छ घेऊन ते घरी आले होते. "साहेब, आपलं सरकार आहे तोवर जरा विश्रांतीचा विचार केलात तर..." पुढचं वाक्य त्यांनी चहात बुडवलं. न्यायमूर्तींनी त्यांना चहा संपवू दिला आणि मग म्हणाले, "मी कुणाच्या सोयीने बसलो नाही आणि कुणाच्या सोयीने उठणारही नाही. गुच्छ राहू द्या, दार तिकडे आहे."

सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश होते. त्यांना सरकार नेमायचं, आणि एकदा बसलेला माणूस मरेपर्यंत किंवा आपणहून उठेपर्यंत बसायचा. कायद्याच्या पुस्तकात न्यायाधीशाला पक्ष नसतो. वर्तमानपत्रात मात्र निकालाच्या आदल्या दिवशीच पाच विरुद्ध चार असं छापून यायचं, आणि कुठले पाच हेही. त्या पाचांतले सर्वांत वयस्क म्हणजे आपले न्यायमूर्ती. ते गेले की नवं सरकार त्यांच्या जागी आपला माणूस बसवणार, पाचाचे चार होणार आणि चाराचे पाच. म्हणून गाठीचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा थोरलीने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो, "निवडणुकीपर्यंत निघतील?"

डॉक्टर म्हणाले, "कुठे निघतील?"

"म्हणजे राहतील का," थोरली म्हणाली.

थोरली स्वतः वकील होती, पक्षाच्या कायदा विभागाची प्रमुख. तिचा नवरा खालच्या कोर्टात न्यायाधीश. दोघंही न्यायमूर्तींच्याच सरकारी बंगल्यात वरच्या मजल्यावर राहायचे. धाकटी वेगळी राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती कवळ्या बनवायची. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवायचा, साचा काढायचा, घासून गुळगुळीत करायचा. वडिलांना तिचं काम कधी समजलं नाही. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "थोरली वकील आहे, आणि धाकटी... धाकटीचं बरं चाललंय."

थोरलीने तिला फोन करून बोलावून घेतलं. "बाहेरची नर्स नको. नर्सला तोंड असतं. तू ये."

"मला पण तोंड आहे, ताई."

"असू दे. तू ते उघडत नाहीस."

धाकटीने रजा टाकली आणि आली. तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत पलंग लागला. पुस्तकांच्या कपाटांना पडदे आले, कारण मागे ऑक्सिजनच्या नळकांड्या ठेवल्या होत्या. गाठ काढली, पण सगळी निघाली नाही. त्यातच एक हलका झटका येऊन गेला आणि जीभ जड झाली. न्यायमूर्ती दिवसातले बरेच तास ग्लानीत असायचे. उरलेल्या वेळात डोकं लख्ख चालायचं, फक्त डोक्यातलं तोंडापर्यंत येताना वाटेत सांडायचं.

रोज सकाळी थोरली बातमीदारांना एक ओळ पाठवायची: साहेबांची प्रकृती उत्तम आहे. मग उत्तम असल्याचं अधूनमधून दाखवणंही आलं. सरकार पक्षाचे लोक टपून बसलेले होतेच. घटनेत एक कलम होतं. न्यायाधीश काम करायला असमर्थ आहे अशी सरकारला शंका आली तर डॉक्टरांचं मंडळ तपासायला यायचं, आणि मंडळाने तसं लिहून दिलं की जागा रिकामी.

"महिन्यातून एकदा तरी त्यांना खंडपीठावर दिसायला हवं," जावई म्हणाले. ते हळू आवाजात बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. कुणाला 'अरे' म्हणूनही हाक मारत नसत.

पण वजन उतरलं होतं आणि हिरड्या आटल्या होत्या. तोंडातली कवळी बोलताना टकटक वाजायची. धाकटी नवीन करायला बसली. थोरली तिच्या खांद्यावरून बघत होती.

"गालाच्या बाजूने जाड कर," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात गाल आत गेलेले दिसतात."

"जाड केली तर हिरड्या सोलून निघतील, ताई. आधीच कातडी कागदासारखी झालीये."

"दोन तास तर घालायचीये. आयुष्यभर थोडीच?"

धाकटीने जाड केली. आपल्या हाताने केलेलं इतकं वाईट काम तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण दिसायला ते सुरेख होतं. न्यायमूर्तींच्या तोंडात बसल्यावर ते पाच वर्षांनी तरुण दिसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. थोरलीने गर्द तांबड्या रंगाचे रुमाल आणून ठेवले होते. तांबड्यावर रक्त कळत नाही.

एक प्रश्नही पाठ करून घेतला. जावयांनीच निवडला. "पण याला मर्यादा कुठे घालायची?" हा प्रश्न कुठल्याही खटल्यात चालतो, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर न्यायमूर्ती तो घोटत होते. कोर्टात त्यांनी तो बरोबर जागी विचारला. सरकारी वकील गडबडले, विरुद्ध बाजूचे वकील पाणी प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली: न्यायमूर्तींचा मार्मिक सवाल. धाकटी तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस धरून बसली होती.

"दुखतंय का बाबा?"

ते मान हलवून 'नाही' म्हणाले आणि चौकटीवर बोट ठेवलं. पुन्हा वाच.

याच दिवसांत विणकराचा अर्ज आला.

त्याला सगळे विणकरच म्हणायचे. गिरणीतल्या रखवालदाराच्या खुनासाठी त्याला फाशी झाली होती. ज्या एका साक्षीदारावर शिक्षा उभी होती, तो आता आपण खोटं बोललो असं सांगत होता. फाशी दुसऱ्या दिवशी पहाटे ठरलेली. वकिलाने शेवटचा अर्ज टाकला: स्थगिती द्या, साक्षीदाराला पुन्हा ऐका. आठ न्यायाधीशांनी दुपारपर्यंत मत दिलं. चार बाजूने, चार विरुद्ध. समसमान झालं तर खालचा हुकूम कायम.

नववं मत काय असणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. उभ्या कारकिर्दीत न्यायमूर्तींनी एकही फाशी कायम केली नव्हती. "माझ्या सहीने माणूस मेलेला नाही," हे वाक्य ते जेवणाच्या टेबलावरही म्हणायचे.

पण दोन दिवसांपासून त्यांना ताप होता. सकाळीच इंजेक्शन दिलेलं. आणि रजिस्ट्रारचा फोन आला तो वेगळाच निरोप घेऊन.

"लेखी नको म्हणाले मुख्य न्यायाधीश. साहेबांनी स्वतः फोनवर सांगावं. दोन शब्द पुरेत."

मुख्य न्यायाधीश पलीकडच्या चौघांतले होते आणि त्यांना वास लागला होता, हे उघड होतं.

"थोड्या वेळाने लावते," धाकटी म्हणाली आणि वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा. बाबा, विणकराचा अर्ज आलाय. उद्या फाशी आहे. स्थगिती द्यायची का?"

न्यायमूर्तींनी डोळे उघडले. ओठ हलले. "दे," ते म्हणाले. मग आणखी जोर लावून, "थ... थगी... दे." लाळ हनुवटीवर आली.

धाकटी ताठ उभी राहिली. "ते देतायत. ऐकलंत ना? फोन लावते."

थोरलीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. "हे ऐकवणार तू त्यांना? हे 'थगी थगी'? उद्या सकाळी डॉक्टर दारात उभे असतील."

"पण त्यांना कळतंय, ताई! त्यांनी बरोबर उत्तर दिलं."

"तुला कळलं. मला कळलं. रजिस्ट्रार काय ऐकेल?"

सरचिटणीसांना फोनवर घेतलं. ते म्हणाले, "सर्दी. सर्दीने घसा बसलाय म्हणावं. सर्दीवर मंडळ येत नाही."

जावई खिडकीशी उभे होते. त्यांनी त्या खटल्याची फाईल वाचलेली होती. ते वळून म्हणाले, "तो बहुतेक निर्दोष आहे."

थोरलीने घड्याळात पाहिलं.

"म्हणजे मी वाचलंय त्यावरून," त्यांनी चष्मा पुसला. "पण एका माणसासाठी आज ही जागा गेली, तर पुढची वीस वर्षं असे कितीतरी जातील. हिशेब तसा करायला हवा. मला वाईट वाटतंय, पण वाईट वाटणं हे काही कारण नव्हे."

थोरलीने फोन पुन्हा धाकटीपुढे धरला. "तूच सांग. तुझ्या आवाजावर कुणी संशय घेत नाही."

धाकटीने वडिलांकडे पाहिलं. त्यांचे डोळे पुन्हा मिटले होते. उत्तर दिलंय, काम झालं, अशा समाधानाने. तिने फोन घेतला.

"साहेबांना सर्दी झालीये. घसा पार बसलाय. बोलता येत नाही."

रजिस्ट्रारने विचारलं, "मग मत नाही, असं नोंदवू?"

तिने थोरलीकडे बघितलं. थोरलीने होकारार्थी मान हलवली.

"हो," धाकटी म्हणाली.

"बरं. प्रकृतीला जपा म्हणावं."

विणकराला पहाटे फाशी दिली. बंगल्यावरून त्या सकाळी नेहमीपेक्षा मोठी ओळ गेली: किरकोळ सर्दी वगळता साहेबांची प्रकृती उत्तम आहे.

ताप उतरल्यावर न्यायमूर्तींनी पहिलं विचारलं ते विणकराचं. थोरली पलीकडे पडदे सारखे करत होती. ती सहज म्हणाली, "मिळाली स्थगिती, बाबा. पाच-चार."

न्यायमूर्ती खूश झाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. पुढचे काही दिवस तोच विषय. डॉक्टर आले की त्यांना सांगायचे, "अजून... एक... वाचवला." डॉक्टर धाकटीकडे बघायचे आणि नाडी मोजू लागायचे. पेपर वाचून दाखवताना धाकटीला ती बातमी सोडून पुढचं वाचावं लागायचं. विणकराच्या बायकोचा फोटो आला होता, त्या पानावर तिने वाटी ठेवली.

एका सकाळी त्यांची पाठ पुसताना तिला ते सहन होईना.

"बाबा," ती पाठीशीच बोलली, "तो गेला. स्थगिती मिळाली नाही. ताई खोटं बोलली."

पाठ हलली नाही. ती फडकं धरून थांबली. ते रडतील, ओरडतील, थोरलीला बोलावून घेतील, पक्षाला शिव्या घालतील, असं सगळं तिला वाटून गेलं. त्यातलं काहीही झालं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

"मत किती?" त्यांनी विचारलं.

"चार-चार."

"माझं?"

"नाही, असं नोंदवलं. मी फोनवर सांगितलं, तुमचा घसा बसलाय."



"मुख्य न्यायाधीशाला... संशय?"

"नाही आला."

"मग बरोबर केलंत," न्यायमूर्ती म्हणाले. आणि थोड्या वेळाने, एकेक अक्षर नीट जुळवत, "सही... माझी नव्हती."

धाकटीने फडकं पुन्हा भांड्यात बुडवलं.

"पाणी गार आहे फार," ते म्हणाले.

पुढच्याच रविवारी ती विणकराच्या वस्तीत गेली. पत्ता पेपरात आला होता. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दिसलं, एक बाई दोरीवर चादर टाकत होती. चादर मोठी होती आणि तिला एकटीला ती ओढून घेता येत नव्हती. धाकटी थोडी पुढे झाली, मग थांबली. पलीकडचं टोक धरायला जायचं, आणि बाईने विचारलं 'तुम्ही कोण' तर काय सांगायचं? ती तशीच मागे फिरली आणि औषधांच्या वेळेआधी घरी पोचली.

निवडणूक झाली. पक्ष जिंकला, पण अगदी काठावर. तरी बंगल्यात अशी हसाहस झाली की आजाऱ्याच्या खोलीचं दार लावून घ्यावं लागलं. थोरलीने वडिलांच्या गळ्यात पडून सांगितलं, "जिंकलो बाबा! तुम्ही एकट्याने थोपवून धरलंत." न्यायमूर्तींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी त्यांनी तो कधी फिरवला होता हे धाकटीला आठवत नव्हतं.

नव्या सरकारचा शपथविधी झाल्यावर आठवड्याच्या आत सरचिटणीस आले. पुन्हा गुच्छ.

"साहेब, पक्ष तुमचे उपकार विसरणार नाही. आता मात्र तुम्ही सुटायला हवं. फार सोसलंत."

"मी बरा आहे," न्यायमूर्ती म्हणाले.

"तसं नव्हे..."

"तुम्हीच रोज छापता. प्रकृती उत्तम आहे."

सरचिटणीस हसले. मग हसू आवरून म्हणाले, "साहेब, बहुमत दोन-चार डोक्यांचं आहे. उद्या कोण फुटेल सांगता येत नाही. आत्ता जागा रिकामी झाली तर आत्ता भरता येईल. चाळिशीतला, धडधाकट माणूस बसवू. तीस वर्षांची ददात मिटेल."

"कोण?"

सरचिटणीसांनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. उत्तर थोरलीने दिलं. "बाबा, घरातच आहे ना. तुमचे जावई."

न्यायमूर्तींनी जावयांकडे पाहिलं. जावई जमिनीकडे बघत होते.

"गरज सरो," न्यायमूर्ती म्हणाले. पुढचे दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. ते सगळ्यांना पाठ होते.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. माणूस सुधारू लागला. गाठ वाढायची थांबली. का थांबली हे डॉक्टरांनाही सांगता येईना. काठी धरून ते पलंगापासून खिडकीपर्यंत जायला लागले. जीभ सैल झाली. ज्या घरात वर्षभर त्यांच्या श्वासासाठी देव पाण्यात घालून बसले होते, त्याच घरात आता जिन्यावरून कुजबुज ऐकू येई, "आज परत चालले म्हणे." थोरली डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारायची, "हे असं किती दिवस?" आवाज तोच, काळजीचा.

एकदा धाकटी म्हणाली, "बाबा, सोडा ना आता. काय राहिलंय तिथे?"

"खुर्चीत आहे तोवर मी आजारी न्यायमूर्ती," ते म्हणाले. "उठलो की नुसता आजारी."

थोरलीने आधी गोडीगुलाबी केली. मग अबोला धरला. मग घरात बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. पेपर येईनासा झाला. भेटायला आलेल्या जुन्या सहकाऱ्याला फाटकातूनच 'झोपलेत' म्हणून परत पाठवलं. कोर्टाच्या दिवशी ड्रायव्हर सुट्टीवर निघाला. एका सकाळी चष्मा सापडेना.

"दुरुस्तीला दिलाय," थोरली म्हणाली.

"मोडला नव्हता," न्यायमूर्ती म्हणाले.

"दांडी सैल होती."

चष्मा परत आलाच नाही. तो नसल्यावर ते खुर्च्यांना धडकायला लागले, आणि एकदा भिंतीशी बोलताना जावयांनी त्यांना पाहिलं. तिथे थोरली उभी आहे अशी त्यांची समजूत झाली होती. जावयांनी ते लिहून ठेवलं. तारीख घालून, व्यवस्थित अक्षरात. सभ्यपणे सासऱ्यांना सांगितलंही, "बाबा, मला हे नोंदवावं लागेल."

सरकारने मंडळ बसवलं. तेच कलम, आणि या वेळी आपलंच सरकार. तीन डॉक्टर यायचे होते.

त्या सकाळी धाकटी त्यांची दाढी करत होती. न्यायमूर्तींनी तिचं मनगट धरलं. पकड अजून चांगली होती.

"बारके, ते तुला विचारतील. तू सतत जवळ असतेस. हो म्हण. सक्षम आहेत म्हण."

ती वस्तरा धुत राहिली.

"वर्षभर म्हणालीसच की. खोटं होतं तेव्हा म्हणालीस. आता तर खरं आहे."

ते बरोबर बोलत होते. वर्षभरात ते इतके चांगले कधीच नव्हते.

डॉक्टर दिवाणखान्यात बसले. थोरली आणि जावई कोचावर. न्यायमूर्तींना आकडे उलटे म्हणायला सांगितले, ते त्यांनी म्हटले. आजचा वार सांगितला. एका डॉक्टरांनी दोन चित्रं दाखवली तेव्हा ते म्हणाले, "चष्मा द्या, मग सांगतो." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मंडळाच्या प्रमुख धाकटीकडे वळल्या. पांढऱ्या केसांच्या, मायाळू चेहऱ्याच्या बाई होत्या.

"तुम्ही यांची सगळी सेवा केलीत. तुम्हीच सांगा. काम करायला सक्षम आहेत?"

धाकटीने घसा साफ केला. "फाशीचा एक अर्ज आला होता," ती म्हणाली. "विणकराचा. त्या दिवशी यांनी मत दिलं होतं. मला स्पष्ट कळलं होतं. आम्ही ते कळवलं नाही. आवाज ऐकला तर तुमच्यासारखं मंडळ येईल म्हणून. सर्दी झालीये असं मी फोनवर खोटं सांगितलं, आणि तो माणूस फासावर गेला. ताई होती, भावोजी होते, सरचिटणीस होते. मी होते."

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर छत खाली येईल. ती त्याची वाट बघत उभी राहिली. थोरलीचा चेहरा पांढरा पडला होता. जावयांनी हाताची घडी सोडून पुन्हा घातली.

प्रमुख बाईंनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "ते आमच्या कक्षेत येत नाही," त्या मऊपणे म्हणाल्या. "आम्हाला फक्त आजचं विचारायचंय. आज सक्षम आहेत का?"

बाकीचे दोन डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. न्यायमूर्ती चष्म्याविना, डोळे बारीक करून, ती जिथे उभी असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे बघत होते. थोडं चुकूनच, तिच्या डावीकडे.

"बारके," ते म्हणाले.

"नाही," धाकटी म्हणाली.

पेन उचललं गेलं.

जावई शपथ घेताना न्यायमूर्तींना पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. फोटो छान आला. सासऱ्यांनी जावयाला आशीर्वाद दिला असं खाली छापलं. बंगला न्यायाधीशाचा होता, त्यामुळे तो जावयांकडेच राहिला, फक्त तळमजल्यावरची खोली अभ्यासिकेसाठी मोकळी करावी लागली. थोरलीने वडिलांसाठी शहराबाहेर एक चांगलं शुश्रूषागृह शोधलं. हवा स्वच्छ होती तिथली. ती सुरुवातीला दोनदा गेली. धाकटीशी मात्र ती पहिल्यासारखीच बोलायला लागली, जरा जास्तच प्रेमाने. सरचिटणीसांनी फोन करून म्हटलं, "तुम्ही फार मोठं काम केलंत, ताई. काही लागलं तर हक्काने सांगा." विणकराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. रागावलंसुद्धा नाही कुणी.

धाकटी कामावर परत गेली. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांकडे जायची. पहिले काही महिने त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती समोर बसायची आणि ते तिच्या मागच्या दाराकडे बघायचे. तिथल्या नर्सला ते सांगायचे, आपण रजेवर आहोत. नर्स म्हणायची, "हो साहेब," आणि दुसऱ्या पलंगाकडे जायची.

एका दुपारी ते अचानक बोलले.

"त्या विणकरासाठी केलंस ना?"

प्रश्न विचारताना त्यांचा आवाज जवळजवळ मायेचा झाला होता. हो म्हटलं असतं तर त्यांना काहीतरी मिळालं असतं. तत्त्वासाठी बापाला बुडवणारी मुलगी तरी. तशी मुलगी त्यांना समजली असती, तशांवर त्यांनी निकाल लिहिले होते. तिला हे दिसत होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मला कंटाळा आला होता."

"कसला?"

"तुमचा."

 उशीवर मान टाकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. धाकटीने पांघरूण नीट केलं, पेला भरून ठेवला आणि बस चुकू नये म्हणून निघाली.

डॉक्टरांनी काही महिने सांगितले होते. न्यायमूर्ती त्याच पलंगावर त्यानंतर सहा वर्षं जगले.